न जन्मलेल्यांचा वाटा

घरातला कर्ता पुरुष वारला आणि मागे त्याची बायको गरोदर असली, तर तरका कसा वाटायचा याचे उत्तर कोणत्याही गावच्या मौलवीसाहेबांकडे तयार असते. पोटातल्या लेकराचा वाटा आधी बाजूला ठेवायचा. ते मुलगा आहे की मुलगी हे ठाऊक नसते, जिवंत जन्मेल याचीही खात्री नसते. तरी त्याचा वाटा राखूनच बाकीचे वाटप होते. ज्याने अजून एक श्वासही घेतलेला नाही त्याचा मालमत्तेवर हक्क असू शकतो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. तिच्यावरून आपल्या घराण्यांत कोर्टकचेऱ्याही भरपूर झाल्या आहेत.

हाच प्रश्न आम्ही इथे जरा ताणून पाहणार आहोत. पोटातले मूल चार-सहा महिन्यांत जगात येणार असते. पण जे दोनशे वर्षांनी येणार आहेत त्यांचे काय? आणि तरका म्हणजे एखाद्या मयताचे घर-शेत नव्हे, तर जमिनीच्या पोटातले लोखंड, तांबे, जस्त, कथील, मँगनीज. हे कोणाच्या बापजाद्यांनी कमावलेले नाही. कोट्यवधी वर्षांच्या उलथापालथीत ते जागोजागी साचत गेले. माणूस पाच-सहा हजार वर्षे त्यातून गरजेपुरते काढत आला, आणि गेल्या दोनशे वर्षांत त्याने उपशाचा जो सपाटा लावला त्याला मागे तोड नाही.

यावर विचारवंतांचा एक आक्षेप असा की हक्काला धनी लागतो, आणि जो अस्तित्वातच नाही तो धनी कसा? इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट याने १९८४ साली हा पेच आणखी घट्ट केला. आपण आज वेगळे वागलो तर उद्याची लग्ने, उद्याचे संसार वेगळे होतील आणि जन्मणारी माणसेही वेगळीच असतील. मग आपल्या उधळपट्टीने नेमके कोणाचे नुकसान झाले म्हणायचे? ज्यांचे झाले म्हणता, ते आपण नीट वागलो असतो तर जन्मलेच नसते! तर्क म्हणून हा बिनतोड वाटतो. पण वक्फची ज्याला माहिती आहे त्याला तो फार दिवस अडवू शकत नाही. मुसाफिरांसाठी सराय वक्फ करणाऱ्याला पुढच्या शतकात तिथे कोण उतरणार हे ठाऊक नसते. त्या मुसाफिराला नाव नाही, चेहरा नाही. म्हणून मुतवल्लीला सरायची दारे काढून विकता येतात का? औलादीसाठी केलेल्या वक्फमध्ये तर न जन्मलेल्या पिढ्याच हकदार असतात. असे वक्फ १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने मोडीत काढले, तेव्हा मुसलमानांनी जवळजवळ वीस वर्षे खटपट करून १९१३ साली कायद्याने ते पुन्हा वैध करून घेतले. म्हणजे येणारे कोण आहेत हे कळायची गरज नाही. कोणीतरी येणार आहे एवढे कळले की पुरे.

याहून मोठा दाखला हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला आहे. इराक जिंकल्यावर सवाद म्हणून ओळखली जाणारी तिथली सुपीक जमीन फौजेत वाटून द्यावी, असा आग्रह धरला गेला. आग्रह धरणारे लोभी नव्हते. त्यात मोठमोठे सहाबा होते, त्यांनी रक्त सांडले होते आणि वाटपाला आधीचा प्रघातही होता. हजरत उमर राजी झाले नाहीत. सगळे आज वाटून टाकले तर नंतर येणाऱ्यांना काय उरणार, हा त्यांचा सवाल होता. अनेक दिवस मसलत चालली. शेवटी सूरह हश्रमध्ये मागाहून येणाऱ्यांचा जो उल्लेख आहे त्याचा आधार घेऊन निर्णय झाला. जमीन कसणाऱ्यांच्याच ताब्यात राहिली, तिच्यावर खराज बसला आणि त्या उत्पन्नातून लोकांना वजीफे मिळू लागले. इमाम अबू यूसुफ यांच्या किताबुल खराजमध्ये ही हकीकत आली आहे. तिच्यातली एक बारीक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हजरत उमर यांनी हयात माणसांचा हक्क नाकारला नाही. मूळ मालमत्ता अखंड ठेवली आणि तिचे फळ वाटले.

मात्र जमीन दरवर्षी पिकते, खाण पिकत नाही. सवादचा न्याय धातूला जसाच्या तसा लावता येईल का, ही खरी अडचण आहे. तिच्याकडे वळण्याआधी एका पैजेबद्दल सांगायला हवे, कारण धातूंचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळी ती तोंडावर फेकतात.

१९८० साली अमेरिकेत पॉल एर्लिक हा जीवशास्त्रज्ञ आणि ज्युलियन सायमन हा अर्थशास्त्रज्ञ यांची पैज लागली. एर्लिकचे म्हणणे, माणसे वाढताहेत, साठे संपणार, भाव भडकणार. सायमन म्हणाला, तुला हवे ते धातू निवड, दहा वर्षांनी महागाई वजा जाता ते स्वस्तच झालेले असतील. एर्लिकने तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन निवडले. १९९० साली हिशेब केला तेव्हा सायमन जिंकला होता, आणि एर्लिकने त्याला ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक टपालाने पाठवला. तेव्हापासून टंचाईची भीती घालणाऱ्यांना हा चेक दाखवण्याची रीत पडली आहे.

सायमन भावाबद्दल बरोबर होता. पण भाव म्हणजे काय? आज बाजारात उभे असलेल्यांनी लावलेली बोली. तांब्याच्या लिलावात २२०० सालच्या माणसाचा हात वर होत नाही. तो बोली लावू शकला असता तर भाव काय निघाला असता, हे कोणत्याही बाजाराला सांगता येणार नाही. यतीम लहान आहे, त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या मालाला किंमत कमी, असे म्हणणाऱ्या वलीला आपण काय म्हणू? यतीमाच्या मालाबाबत कुरआनचे बोट अगदी नेमके आहे. वली गरीब असेल तर त्याने वाजवी तेवढे घ्यावे, आणि मूल समजत्या वयाचे झाले की त्याचे त्याला साक्षीदारांसमोर सोपवावे. खायला पूर्ण मनाई नाही, पण शेवटी हिशेब द्यायचा आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांना सांगतो, कुदरती वसाइल दोन प्रकारचे, काबिले तजदीद आणि नाकाबिले तजदीद. धातू दुसऱ्या रकान्यात लिहायचे. एका वर्षी आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या अब्बांचे भंगारचे दुकान. म्हणाला, "सर, डिझेल जळून जातं, ते खरं. पण लोखंड संपतं कुठे? ते तर आमच्याकडे परत येतंच की!"

पुस्तकापेक्षा पोराचे बरोबर होते. धातू संपत नाही. पृथ्वीवर जेवढे तांबे होते तेवढेच आहे. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) १५४९ साली निजामशाहीच्या रूमी खानाने मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. ५५ टनांच्या आसपास वजन, धातू कांसे, म्हणजे तांबे आणि कथील. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. इंग्रजी अमलात १८५४ साली तिचा दीडशे रुपयांना लिलाव झाला आणि मग तो रद्द झाला, असे सांगतात. तो लिलाव पुरा झाला असता तरी तांबे कुठे गेले नसते. त्याच्या देगा झाल्या असत्या, नाणी झाली असती, घंटा झाल्या असत्या. धातूला मरण नाही. विक्रांत ही आपली विमानवाहू नौका २०१४ मध्ये मुंबईच्या दारुखान्यात तोडली गेली आणि तिच्या पोलादाचा काही भाग २०१६ मध्ये बजाजच्या मोटारसायकलीत आला, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्यांच्या दृष्टीने मेलेल्याने पुन्हा जन्म घेतल्यासारखी ही गोष्ट आहे.

मग खर्च नेमके काय होते? धातूचे एका जागी असणे. मूठभर तीळ वाटीत असले तर तीळ आहेत. तेच चौपाटीच्या वाळूत फेकले तर एक दाणाही नष्ट झालेला नाही, पण तिळाचा लाडू कोणाला करता येणार नाही. खाण म्हणजे कुदरतने वाटीत गोळा करून दिलेले तीळ. आणि वाट्याही आता रिकाम्या होत चालल्या आहेत. आज तांब्याच्या बहुतेक मोठ्या खाणींत शंभर किलो दगडामागे एक किलोही तांबे मिळत नाही. जुन्या लोकांना याच्या कितीतरी पट मिळे. जेवढा दगड जास्त फोडायचा तेवढे पाणी, वीज आणि जंगल जास्त जाणार.

तीळ वाळूत कसे सांडतात पाहा. मोबाइलच्या काचेवर इंडियमचा थर असतो, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. आतल्या जोडांत कथील, टोकांवर सोने, लोहचुंबकात निओडिमियम. प्रत्येक धातू चिमूटभर, आणि सगळे एकमेकांना चिकटलेले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली साठ धातूंचा हिशेब मांडला. त्यातल्या चौतीस धातूंपैकी, वस्तू टाकून दिल्यावर, एक टक्काही परत मिळत नाही असे निघाले. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे अशा ओळखीच्या धातूंचे बरे चालले आहे. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खाणीतून नवे काढण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे ते कोणी फेकत नाही. पण बाकीचे?

लोखंडाचेही वाटते तितके सोपे नाही. जुनी मोटार किंवा फ्रीज वायरी-मोटरींसकट दाबून भट्टीत टाकला, की त्यातले तांबे लोखंडात विरघळते. एकदा विरघळले की वितळवण्याच्या नेहमीच्या रीतीने ते बाहेर काढता येत नाही. अर्ध्या टक्क्याहून कमी तांबेसुद्धा पोलादाला लाटताना चिरा पाडते. ते पोलाद मग इमारतीच्या सळईला चालते, गाडीच्या पत्र्याला चालत नाही. पुढच्या फेरीत आणखी थोडे तांबे मिसळते, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी. दोन चांगले धातू एकमेकांत मिसळून दोघांचीही किंमत उतरते आणि ही उतरंड फक्त खालीच जाते. पुढच्या पिढीला आपण लोखंडाचा डोंगर देऊ, पण दूषित डोंगर.

जुने ते सगळे सोने, असे म्हणून इथे सुटका करून घेता येत नाही. वलीम्याच्या देगांना कलईगर नवसागर आणि कथील लावून कसा झळझळीत मुलामा चढवायचा, ते आमच्या पिढीने डोळे भरून पाहिले आहे. पण ते कथील जात कुठे होते? पळ्यांनी खरवडून, राखेने घासून थोडे नाल्यात आणि थोडे बिर्याणीत. पत्र्यावरच्या जस्ताचेही तेच, पावसागणिक झिजून जाते. कोकणातल्या पावसात तर विचारूच नका. साधेपणा म्हणजे आपोआप अमानतदारी नव्हे. फरक एवढाच की देगेचे मूळ तांबे शंभर वर्षांनीही देगेतच असते.

आता खाणीकडे येऊ, आणि त्यासाठी गोव्याहून चांगला दाखला नाही. आमच्या कोकणाला तो शेजारचाच आहे आणि सिंधुदुर्गातल्या रेडीलाही लोहखनिजाची खाण आहेच. गोव्यात पोर्तुगिजांनी खाणींची कन्सेशन्स कायमची देऊन टाकली होती. १९८७ च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले. डिचोली, सत्तरी, सांगे इथली माती ट्रकांनी नदीवर, मग बार्जने मांडवी आणि जुवारीतून मुरगावला, तिथून आधी जपानला आणि पुढे चीनला. चीनची भूक वाढली तसा उपसा वाढला. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेले. २००९ पर्यंत सरकारला मिळणारी रॉयल्टी टनाला तीस रुपयांच्याही आत होती. २००८ च्या तेजीत चीनच्या बाजारात टनाला शंभर डॉलरच्या वर भाव गेला होता. २००९ मध्ये रॉयल्टी किमतीच्या दहा टक्के झाली, तीही सरकारी हिशेबात 'महसूल' म्हणून जमा होऊन त्याच वर्षी खर्चात गेली.

आजोबांचे शेत तुकड्या-तुकड्याने विकायचे, आलेला पैसा पगार म्हणून वहीत लिहायचा आणि कमाई वाढली म्हणून पेढे वाटायचे, असा हा हिशेब. घरात कोणी असे केले तर बिरादरीत त्याला काय म्हणतात ते लिहायची गरज नाही. राज्य करते तेव्हा त्याला विकास दर म्हणतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला. राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या, आणि आमच्या मते या देशाच्या न्यायाच्या इतिहासात त्या नव्या होत्या. वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त तूर्त काढायचे नाही, आणि विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायम निधीत टाकायचे. कारण दिले ते पिढ्यांमधल्या न्यायाचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये अठ्ठ्याऐंशी भाडेपट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. पैगंबर (स.) यांनी अबयज बिन हम्माल यांना मआरिबचे मीठ दिले होते आणि ते न आटणाऱ्या पाण्यासारखे सर्वांच्या उपयोगाचे आहे असे कळताच परत घेतले, ही रिवायत आम्हाला या निकालाच्या वेळी आठवली. दिलेले परत घेता येते. देताना नीट माहिती नव्हती एवढे कारण त्याला पुरते.

पण दहाच टक्के का? उरलेले नव्वद कोणाचे? निकाल ज्यांच्या याचिकेवर आला त्या गोवा फाउंडेशनच्या मंडळींनी पुढे हाच मुद्दा लावून धरला. त्यांचे म्हणणे, खनिज काढायचेच असेल तर खर्च आणि वाजवी नफा वजा जाता त्याची सगळी किंमत वसूल करा, ती कायम निधीत ठेवा आणि फक्त व्याज सर्व गोवेकरांना सारखे वाटा. मुद्दल अखंड, फळ सर्वांचे. सवादचा निर्णय आणि हे म्हणणे यांत चौदाशे वर्षांचे अंतर आहे, पण गणित एकच. नॉर्वेने तेलाच्या पैशाबाबत १९९० मध्ये कायदा करून असेच काही केले. खाण पिकत नाही ही अडचण अशी थोडी सुटते. जमिनीतली मालमत्ता दुसऱ्या रूपात, पण तेवढ्याच मोलाची ठेवायची. पूर्ण सुटत नाही, कारण निधीतल्या रुपयांतून तांबे उगवत नाही. म्हणून पैसा राखणे आणि धातू गोळा ठेवणे ही दोन्ही कामे करायची आहेत, एकाने दुसरे माफ होत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाला उद्याच्या पिढीचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचे? गॅरेजवाला, चहावाला, बार्जवरचा खलाशी, सगळे एका रात्रीत बसले. आजच्या भुकेल्यापेक्षा उद्याचा न जन्मलेला मोठा, असे आम्ही म्हणणार नाही. कोणी म्हणत असेल तर त्याचे पोट भरलेले आहे. पण तेजीच्या वर्षांत जो पैसा उसळला तो ट्रकवाल्याकडे किती आला, हेही विचारले पाहिजे. यतीमाचा माल उडाला तो गरिबाला खाऊ घालण्यात उडाला, असे वहीत दिसत नाही. निधी वेळेवर साठवला असता तर बंदीच्या काळात ट्रकवाल्याच्या हप्त्याला तोच कामी आला असता. आजचा गरीब आणि उद्याचा वारस यांना एकमेकांसमोर उभे केले जाते, तेव्हा तिसरा कोणीतरी मागच्या दाराने निघून गेलेला असतो. २०२२ पासून गोव्यात लिलावाने पुन्हा खाणी देणे सुरू झाले आहे. लिलावात सरकारला पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त मिळते हे खरे, पण ते महसूल म्हणूनच मिळते.

आणि भंगार. हा धंदा आपल्या मोहल्ल्यांत किती आहे ते सांगायला नको. कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत, दिल्लीच्या सीलमपूरपासून मुरादाबादपर्यंत, तांबे, पितळ, बीड, पत्रा वेगळे करणारे हात बऱ्याच वेळा आपल्याच पोरांचे असतात. समाजात या धंद्याला इज्जत नाही. मुलीच्या निकाहाची बोलणी चालू असताना 'स्क्रॅपचा बिझनेस' म्हणावे लागते. पण वाळूत सांडलेले तीळ एक-एक वेचून पुन्हा वाटीत टाकणारा माणूस हाच आहे. खाणमालक वाटी रिकामी करतो, हा भरतो.

याचे गोडवे गाऊनही थांबता येत नाही. वायरीतले तांबे झटकन मिळावे म्हणून ती जाळतात. प्लास्टिकचा तो धूर जीवघेणा असतो आणि तो आधी पोरांच्याच छातीत जातो. मुरादाबादला रामगंगेच्या काठी सर्किटच्या पाट्या जाळल्याची काळी राख नदीत गेली. म्हणजे वारसांसाठी धातू राखायचा आणि वारसालाच आजारी पाडायचे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्या कंपनीनेच ती परत घेण्याची जबाबदारी उचलायची, असे त्यात आहे. नोंदणी झालेल्या कारखान्याकडे माल गेल्याचे कागद तयार होतात. नोंदणी नसलेल्या गल्लीतल्या पोराला त्यात अजून जागा नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही विचारले होते, फ्रीज आला की तुमच्याकडे काय करतात? तो म्हणाला, मागचा कॉम्प्रेसर काढून कापतात, आतली तांब्याची गुंडाळी बाहेर ओढतात, मग लोखंड वेगळे आणि तांबे वेगळे. आणि छोट्या मोटरी, मिक्सरच्या, पंख्याच्या? "त्या खोलायला वेळ जातो, सर. तेवढ्या वेळात दुसरं काम होतं. मग अब्बा त्या तशाच लोखंडात टाकतात." त्या तशाच भट्टीत जातात आणि तांबे लोखंडात कायमचे मुरते. पोराच्या अब्बांना एका मोटरीमागे किती मिनिटे जातात आणि त्यातून किती रुपयांचे तांबे निघते, याचा हिशेब चोख ठाऊक आहे, आणि घर चालवणाऱ्या माणसाने तो तसाच करायला हवा. ती चार-पाच मिनिटे ज्यांच्या कामी येणार ते अजून जन्मलेले नाहीत. त्यांच्या वतीने ती मजुरी कंपनीने द्यायची, सरकारने द्यायची, की नवा मिक्सर घेताना आपण वीस-पंचवीस रुपये जास्त मोजायचे?